पुराव्याशी गाठ : इतिहास विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी प्रस्तावना

१८६७ साली पुण्यातल्या तरुणांच्या एका सभेत नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर टीकात्मक निबंध वाचला. कीर्तने तेव्हा कॉलेजात शिकत होते. ग्रँट डफचा तीन खंडांचा ग्रंथ १८२६ मध्ये लंडनला निघाला होता. साताऱ्याचा रेसिडेंट असताना त्याला दप्तरांतले अस्सल कागद पाहायला मिळाले होते, आणि डेव्हिड केपनने केलेले त्याचे मराठी रूपांतर शाळांतून शिकवले जात होते. ज्या पुस्तकावर एक अख्खी पिढी वाढली, त्याच पुस्तकाची चिकित्सा त्या पिढीतल्या एका विद्यार्थ्याने केली. कीर्तने पुढे जुन्या बखरी मिळवून छापण्याच्या कामालाही लागले. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू झाले. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रे होती. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मराठी इतिहाससंशोधनाची ही साखळी मागे मागे नेली तर तिच्या पहिल्या कड्यांत एका विद्यार्थ्याचा निबंध सापडतो. बी.ए.ला इतिहास हा मुख्य विषय घेणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्या आठवड्यात माहीत व्हायला हवी असे मला वाटते, कारण पदवीच्या अभ्यासाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते सगळे तिच्यात आलेले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. इतिहासाच्या पदवीचा गाभा म्हणजे पुरावा हाताळणे. कागद, नाणे, शिलालेख, ओवी, मुलाखत, जे काही समोर असेल ते कोणी, कधी, कशासाठी तयार केले हे विचारायचे, दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहायचे आणि त्यावरून किती म्हणता येते व किती म्हणता येत नाही हे ठरवायचे. हे काम एम.ए. किंवा पीएच.डी.पर्यंत थांबवून ठेवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. पदवीच्या तीन वर्षांत विद्यार्थ्याला निष्कर्ष मिळतात. ते निष्कर्ष कसे निघाले, हे त्याला क्वचितच दिसते. पुणे विद्यापीठाच्या जुन्या रचनेत एस-वन, एस-टू, जी-टू असे पेपर असत, आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणि क्रेडिटची भाषा आली आहे. नावे बदलली तरी वर्गातला व्यवहार फारसा बदललेला नाही. नोट्स उतरवून घ्यायच्या, 'टीपा लिहा'साठी दहा-बारा विषय तयार ठेवायचे, पानिपतच्या पराभवाची कारणे क्रमांक घालून लिहायची. या पद्धतीत विद्यार्थी तीन वर्षे इतिहासाच्या अंगणात राहतो आणि घराचे दार कधी उघडतच नाही.

याचा अर्थ काय, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद महाराष्ट्रात सगळ्यांनी ऐकलेला आहे, पण तो सुटला कसा हे पदवीधरांनाही अनेकदा सांगता येत नाही. नंतरच्या काळात लिहिलेल्या बखरींच्या आधाराने शके १५४९ मधली वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ चा एप्रिल, ही तिथी दीर्घकाळ मानली जात होती. मग भोर भागातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली पुढे आली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. ही शकावली म्हणजे शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटनांची कालक्रमाने केलेली टिपणे आहेत. जन्माची नोंद तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे, आणि पुढे नक्षत्र व घटी-पळेही दिली आहेत. जुन्या युरोपीय पंचांगाप्रमाणे ही तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते.

एवढ्यावर निर्णय करता येईल का? येणार नाही, आणि इथेच शिकण्यासारखे आहे. एका घराण्याने आपल्याकडे ठेवलेली टिपणे खरी असतीलच असे गृहीत धरायचे कारण नाही. तेव्हा पहिली तपासणी आतून करायची. तिथी आणि वार जुळतात का? गणित मांडले तर १९ फेब्रुवारी १६३० ला शुक्रवारच येतो. मनाने तिथी रचणाऱ्याकडून असा मेळ सहसा साधत नाही. दुसरी तपासणी बाहेरून. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याची हस्तलिखिते तंजावरला मिळाली आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातही जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचाच सांगितला आहे. जोधपूरकडे सापडलेल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातली महाराजांची कुंडलीही याच तिथीला दुजोरा देते. मावळातले एक देशमुख घराणे, दरबारचा एक संस्कृत कवी आणि राजस्थानातला एक ज्योतिषी. या तिघांचे हेतू वेगळे, लिहिण्याचे प्रकार वेगळे, राहण्याची ठिकाणे शेकडो कोस दूर. त्यांनी एकमेकांचे पाहून उतरवले असण्याचा संभव जितका कमी, तितकी त्यांच्या एकमताची किंमत जास्त. बखरी मोठ्या काळानंतरच्या असल्याने त्या या तिघांपुढे मागे पडतात. २००१ मध्ये राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत मानली.

या प्रकरणावर वर्गात दोन तास खर्च केले तर विद्यार्थ्याच्या हाती काय येते ते पाहा. समकालीन आणि उत्तरकालीन साधन यातला फरक त्याला व्याख्येशिवाय कळतो. साक्षीदार स्वतंत्र आहेत की एकाच मुळातून आले आहेत, हे विचारायची सवय लागते. शक, संवत्सर, ज्युलियन आणि ग्रेगोरियन कालगणना या कोरड्या वाटणाऱ्या गोष्टींना अर्थ येतो, कारण आजच्या कॅलेंडरप्रमाणे तोच दिवस १ मार्च ठरतो. शिवाय एक तारीख बदलल्याने पुढचे चित्रही हलते हे दिसते. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला गेलेले महाराज बत्तीस वर्षांचे नव्हते, एकोणतीस वर्षांचे होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बखरकार खोटारडा होता असे न म्हणताही त्याचे विधान बाजूला ठेवता येते, हा समतोल विद्यार्थी शिकतो. बखरीचा उपयोग दुसरीकडे असतो. लोकांच्या मनात महाराज कसे होते, दरबारी परंपरेत कोणत्या गोष्टी टिकल्या, हे बखरीइतके चांगले दुसरे काय सांगणार?

यावर अनुभवी प्राध्यापक पहिली हरकत घेतात ती अशी: बारावीहून आलेल्या मुलाला घटनाक्रमच माहीत नसतो, पुरंदरचा तह आधी की आग्ऱ्याहून सुटका आधी हे विचारले तर गोंधळ होतो, मग साधनांची चिकित्सा कशाच्या जोरावर करायची? ही हरकत वजनदार आहे. घटनाक्रमाशिवाय इतिहास होत नाही, आणि कालपट डोक्यात पक्का नसताना चिकित्सा करायला बसले तर ती नुसती शंकेखोरी होते. पण घटनाक्रम पाठ करून घेतला की तो पक्का बसतो, हा अनुभव कोणत्या परीक्षेच्या निकालावरून सिद्ध झाला आहे? परीक्षेनंतर महिन्याभरात तो विरतो. वर दिलेल्या जन्मतिथीच्या वादातून गेलेला विद्यार्थी १६३०, १६५९, १६७४ हे टप्पे विसरत नाही, कारण त्या आकड्यांना त्याने हाताळलेले असते. तपशील आणि चिकित्सा यांचा क्रम लावून, आधी दोन वर्षे तपशील आणि मग चिकित्सा, असे ठरवणे हीच चूक आहे. दोन्ही सोबत शिकवता येतात, आणि सोबत शिकवली तरच टिकतात.

दुसरी हरकत भाषेची. अस्सल कागद मोडीत, फारसीत, पोर्तुगीजमध्ये, बी.ए.च्या मुलाने ते वाचायचे कसे? पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत आणि त्यातला फार मोठा भाग आजही न छापलेला आहे, हे खरे. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदांबरोबर मोडी कागदही आहेत, आणि ते वाचण्यासाठी पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यासारख्या विद्वानाला आयुष्य द्यावे लागले, हेही खरे. पण छापील बाळबोधीत जे आधीच उपलब्ध आहे ते तरी पदवीच्या वर्गात कुठे पोचले आहे? राजवाड्यांचे बावीस खंड आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादून काढलेले पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग आहेत. कॉलेजच्या ग्रंथालयात ते असले तर बहुधा कुलूपबंद कपाटात असतात. यातले एक पत्र घ्यावे. माथ्यावर 'श्री', मग मायना, मजकूर, आणि शेवटी अरबी महिन्याची तारीख. अधिकृत कागद असेल तर वर्षही अरबी संख्यांत लिहिलेले असते: इहिदे सितैन मया व अलफ. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, बेरीज ११६१. हा सुहूर सन. मृग नक्षत्राला त्याचे वर्ष बदलते, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. त्यात ५९९ मिळवले, आणि जानेवारी ते मेमधली तारीख असेल तर ६०० मिळवले, की इसवी सन मिळतो. ११६१ हे साल १७६० च्या पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होऊन १७६१ च्या उन्हाळ्यात संपते. पौष शुद्ध अष्टमीची, १४ जानेवारीची पानिपतची लढाई त्यात येते. हे गणित शिकायला अर्धा तास पुरतो. आणि तेवढ्यात विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट आपोआप दिसते. ब्राह्मण पेशव्यांच्या कचेरीतला मराठी कागद अरबी साल वापरतो आणि ते साल शेतकऱ्याच्या पेरणीच्या नक्षत्राला सुरू होते. दख्खनच्या राज्यव्यवस्थेत किती प्रवाह मिसळले होते यावर पाठ्यपुस्तकाने लिहिलेला परिच्छेद या एका ओळीइतका बोलका नसतो.

ज्याला पुढे जायचे आहे त्याने मोडी शिकावीच. ती अवघड नाही. सरावाचा प्रश्न आहे, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ती महाराष्ट्रात घरोघरच्या हिशेबाची आणि दस्तऐवजांची लिपी होती. अनेक कुटुंबांत आजोबा-पणजोबांची खरेदीखते, गहाणखते अजून ट्रंकेत पडून आहेत. ती वाचणारा घरात कोणी उरलेला नाही. इतिहासाच्या विभागाने दर वर्षी मोडीचा एक वर्ग चालवला तर गावातले लोकच कागद घेऊन येतील, याची मला खात्री आहे.

परंतु कागदावर इतका भर दिला की एक खरी अडचण उभी राहते, आणि ती पदवीच्या विद्यार्थ्याला स्पष्ट सांगितली पाहिजे. कागद सगळ्यांचे राहिले नाहीत. राजवाडे पायपीट करून दप्तरे शोधत फिरले ती सरदारांची, देशमुख-देशपांड्यांची, मठांची आणि सावकारांची. ज्यांच्याकडे वतन होते त्यांच्याकडे वतनाचा कागद होता. ज्यांच्याकडे वतन नव्हते, ज्यांना अक्षर शिकायची बंदी होती, त्यांच्याबद्दल या कागदांत काही असलेच तर ते दुसऱ्याच्या हातचे आहे. म्हणून १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आलेला मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध इतका मोलाचा ठरतो. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुलगी होती. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये निघाले आणि जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापले, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणेच्या इतिहासात किती मोठी जागा रिकामी राहिली होती ते कळले. जिथे लेखनच नाही तिथे बोलण्याकडे जावे लागते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, त्यांच्याकडून ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. यातली कोणतीही गोष्ट मोडी किंवा फारसीअभावी अडली नाही. तिला लागला तो वेळ, विश्वास आणि कान. साधनांची चिकित्सा मात्र इथेही सुटत नाही. आठवण सांगणारी बाई पन्नास वर्षांनी बोलत असते, मधल्या काळात तिने जे ऐकले-वाचले ते तिच्या आठवणीत मिसळलेले असते. ते ओळखणे आणि तरीही तिच्या सांगण्याचा मान राखणे, हे कसब बखर वाचतानाच्या कसबाचेच भावंड आहे.

अशा पुराव्यासाठी दूर जावे लागत नाही. बहुतेक विद्यार्थ्यांच्या गावात जुनी प्राथमिक शाळा असते आणि शाळेत जनरल रजिस्टर असते. नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे त्याचे रकाने. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, व्यक्तींची नावे बाहेर न नेण्याची अट पाळून, वीस-तीस वर्षांची पाने बारकाईने पाहिली तर गावाचा सामाजिक इतिहास उलगडू लागतो. कोणत्या जातीची पहिली मुलगी कोणत्या वर्षी शाळेत आली? ती कितवीला गेली आणि थांबली? १९७२ च्या दुष्काळात कोणती मुले मध्येच गळाली आणि परत आली का? आणि मग जन्मतारखेचा रकाना. पानामागून पान १ जून, १ जून, १ जून. एवढी मुले एका दिवशी जन्मली नाहीत. जन्माची नोंद घरी नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू होत होती, आणि प्रवेशाचे वय बसावे म्हणून गुरुजींनी तारीख घातली. या रकान्याला खोटा म्हणून फेकून देणारा विद्यार्थी इतिहास शिकलेला नाही, आणि तो खरा मानून सरासरी वय काढणाराही शिकलेला नाही. जन्मतारीख म्हणून ही नोंद निरुपयोगी आहे. नोंदीची गरज सरकारला कधी पडू लागली आणि लोकांना कधी, यातले अंतर दाखवणारा पुरावा म्हणून ती अमूल्य आहे. वेशीजवळची वीरगळ, ग्रामपंचायतीचे ठराव, फेरफाराच्या नोंदी, सहकारी सोसायटीचे जुने अहवाल, सगळ्यांना हेच प्रश्न विचारता येतात. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टसाठी क्रेडिट ठेवले आहेत. ती संधी किल्ल्यावर सहल काढून आणि फोटो चिकटवलेली फाईल जमा करून वाया घालवू नये, एवढीच कळकळीची विनंती आहे.

आता ज्या हरकतीमुळे घरोघरी इतिहासाला नकार मिळतो तिच्याकडे वळतो: हा विषय घेऊन पोरगा करणार काय? पालकांचा हा प्रश्न कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. फी, वसतिगृह, तीन-चार वर्षांचा खर्च शेतीच्या उत्पन्नातून काढणाऱ्या घराने तो विचारायलाच हवा. पुराभिलेखागारे आणि संग्रहालये यांतल्या जागा थोड्या आहेत, प्राध्यापकांची भरती वर्षानुवर्षे रखडते, हे लपवण्यात अर्थ नाही. बहुसंख्य पदवीधर बी.एड.कडे, स्पर्धा परीक्षांकडे, वकिलीकडे, पत्रकारितेकडे किंवा कुठल्या तरी कार्यालयात जातात. मग त्यांना पदवीने काय द्यावे? पाठ केलेले निष्कर्ष या कुठल्याही ठिकाणी फार काळ कामाला येत नाहीत. वकिलाला दोन साक्षीतली विसंगती पकडावी लागते, वार्ताहराला बातमी कुठून आली हे शोधावे लागते, तहसील कचेरीतल्या माणसाला सातबाऱ्यावरची नोंद आणि जुना फेरफार जुळतो का ते पाहावे लागते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतही तयार नोट्सवर लिहिलेली उत्तरे एकमेकांसारखी होतात आणि मुद्दा तोलून मांडणारा त्यातून वेगळा उठून दिसतो. तेव्हा नोकरीचा विचार करूनही माझा निष्कर्ष तोच राहतो. पुरावा हाताळायला शिकवणारी इतिहासाची पदवी उपयोगी आहे. उतारे पाठ करून घेणारी पदवी मात्र पालकांना वाटते तशीच कुचकामी आहे, आणि त्याबाबत त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा मी प्रयत्न करणार नाही.

आणखी एक आक्षेप अलीकडे सुशिक्षितांकडूनच ऐकू येतो. इतिहास ज्याचा त्याचा असतो, जो तो आपल्या सोयीचा लिहितो, मग चिकित्सेचे एवढे अवडंबर कशाला? उदाहरणे खरोखरच हाताशी आहेत. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये महाराजांवर पोवाडा रचला. त्यात महाराज कुळवाड्यांचे, कष्टकरी शेतकऱ्यांचे भूषण आहेत. न्या. रानडे यांनी १९०० मध्ये मराठ्यांच्या उत्कर्षावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात स्वराज्यामागे संतांनी घडवलेली व्यापक सामाजिक-धार्मिक जागृती उभी आहे. एकाच राजाची ही दोन चित्रे वेगवेगळ्या सामाजिक जागांवरून पाहिलेली आहेत आणि ती वेगळी असणे स्वाभाविक आहे. पण यावरून कोणतेही चित्र चालते असे ठरत नाही. प्रत्येक मांडणीला विचारता येते की ती कोणत्या पुराव्याकडे लक्ष वेधते, कोणता पुरावा तिला गैरसोयीचा आहे, आणि त्या गैरसोयीच्या पुराव्याचे ती काय करते. फुल्यांनी जो प्रश्न विचारला तो रानड्यांच्या मांडणीत नीट सुटत नाही. रानड्यांनी दाखवलेला भक्तिचळवळीचा धागा पोवाड्याच्या मांडणीत तितकासा येत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्याला सतराव्या शतकाबरोबर एकोणिसावे शतकही समजते. जन्म १६२७ चा की १६३० चा हा प्रश्न मात्र दृष्टिकोनाचा नाही. मतभेद कुठे पुराव्याने मिटतो आणि कुठे तो राहणारच, हे ओळखता येणे ही पदवीच्या विद्यार्थ्याकडून ठेवायची वाजवी अपेक्षा आहे.

भीतीबद्दलही बोलले पाहिजे, कारण वर्गात ती असते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमाव चालून गेला आणि पुस्तके-हस्तलिखितांची नासधूस झाली. तेव्हापासून अनेक शिक्षक काही विषयांवर पाठ्यपुस्तकातल्या वाक्यापलीकडे एक शब्द बोलत नाहीत. त्यांची काळजी मला समजते. त्यांच्या पाठीशी कोण उभे राहणार हा प्रश्न खरा आहे, आणि संस्थाचालकांनी त्याचे उत्तर दिलेले नाही. तरीसुद्धा गप्प राहिल्याने वर्ग सुरक्षित होतो असे मला वाटत नाही. विद्यार्थी वर्गाबाहेर पडतो तेव्हा त्याच्या मोबाईलवर इतिहासाचा मारा सुरूच असतो: कुणाचे नाव खाली टाकलेले बनावट उद्गार, कोणत्या कागदात आहे ते न सांगता फिरणारे दावे, या जातीने केले आणि त्या धर्माने बिघडवले अशा याद्या. वर्गाने जी जागा मोकळी सोडली ती याने भरते. 'हे कोणत्या साधनात आहे? ते साधन कधीचे?' हे दोन प्रश्न विचारायला अठरा वर्षांच्या मुलीला शिकवले, तर तिला कोणत्याही श्रद्धेवर घाला घालावा लागत नाही. महाराष्ट्रात महाराजांवर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसांनीच सर्वांत कठोर साधनचिकित्सा केलेली आहे. राजवाडे, शेजवलकर, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे यांची नावे त्यासाठी पुरेशी आहेत. त्यांचे आपसांत पटत नसे, मते टोकाची होती, पण आधार विचारल्यावर कुणी रागावून उठून गेले नाही, आधार काढून दाखवला.

हे पुस्तक याच दिशेने लिहिलेले आहे. प्रत्येक प्रकरणात आधी साधन येते आणि मग त्यावर उभा राहिलेला इतिहास. ते वापरताना एक अडथळा येणार हे मी जाणून आहे: परीक्षा. जोवर प्रश्नपत्रिका कारणे आणि परिणाम विचारत राहील, तोवर विद्यार्थी कारणे आणि परिणामच पाठ करील, आणि त्याला दोष देता येणार नाही. शंभर-सव्वाशे मुलांच्या वर्गात, तासिका तत्त्वावर नेमलेल्या आणि तीन कॉलेजांत धावणाऱ्या शिक्षकाकडून सगळे बदलण्याची अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. म्हणून सुरुवात लहान असावी. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कॉलेजच्या हातात असतात. त्यातले दहा गुण एका न पाहिलेल्या उताऱ्यासाठी ठेवावेत. राजवाड्यांच्या खंडातले एखादे छोटे पत्र, 'दीनबंधू'तली एखादी बातमी, जनगणनेचे एखादे कोष्टक किंवा एखाद्या मुलाखतीचे पान द्यावे आणि चार प्रश्न विचारावेत: हे कोणी व कोणासाठी लिहिले असावे, यातून निश्चित काय कळते, काय कळत नाही, आणि खात्री करायला आणखी कोणता पुरावा शोधाल. उत्तर एका पानाचे. असे उतारे या पुस्तकाच्या शेवटी दिले आहेत. त्यांची उत्तरे मुद्दामच छापलेली नाहीत, कारण छापली की त्यांच्याही नोट्स होतील.